पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

दिल्लीच्या नकाशावर तीन ठिपके काढले, तर भारतीय मोटरसायकलचा बराचसा इतिहास त्यांत मावतो. दक्षिणेला मथुरा रस्त्यावरचं फरीदाबाद. एस्कॉर्ट्सची राजदूत इथली. यमुनेपलीकडे ग्रेटर नोएडातलं सुरजपूर. यामाहा आरएक्स १०० तिथून बाहेर पडली. आणि जयपूर रस्त्याने गुरुग्राम ओलांडल्यावर लागणारं धारूहेडा; हीरो होंडाची सीडी १०० तिथे तयार झाली. सोलापुरातल्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाने, नांदेडच्या पशुवैद्याने किंवा कोल्हापूरच्या गवळ्याने ज्या गाडीवर आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं काढली, ती पुष्कळदा या परिघातूनच दक्षिणेत उतरलेली असे.

आज त्याच परिघात त्या गाड्या रस्त्यावर आणायला मनाई आहे. राजदूतच्या जन्मगावी राजदूत चालवता येत नाही, सुरजपूरच्या कारखान्याच्या फाटकासमोरून आरएक्स १०० नेली तर ती जप्त होऊ शकते. असं असूनही करोल बागेतल्या नाईवाला गल्लीत, काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांबद्दलची विचारपूस थांबत नाही. विचारणारे सगळेच पन्नाशीचे नसतात. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्यानंतर जन्मलेली मुलंही तिच्यासाठी लाखाच्या पुढचे पैसे मोजायला तयार असतात. ज्यांनी ती गाडी नवी असताना पाहिलीच नाही, त्यांच्या ओढीचा उलगडा आठवणींनी होत नाही. त्यासाठी गाडीच उघडून पाहावी लागते.

आधी राजदूत. एस्कॉर्ट्सची सुरुवात १९४४ मध्ये लाहोरात झाली. फाळणीनंतर नंदा कुटुंब दिल्लीत आलं आणि पुढे फरीदाबादमध्ये ट्रॅक्टर आणि मोटरसायकली बनू लागल्या. मोटरसायकलीसाठी त्यांनी परवाना घेतला तो पोलंडकडून. तिथल्या केल्त्से शहरातली एसएचएल कंपनी ‘एम-११’ नावाची १७३ सीसीची साधी, दणकट टू-स्ट्रोक गाडी बनवत असे. १९६२ पासून तीच राजदूत या नावाने भारतात आली. त्या काळी मोटरसायकल म्हटलं की डोळ्यांपुढे तीनच नावं येत : मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि फरीदाबादची राजदूत. तिघींत राजदूत सर्वांत स्वस्त. वेग बेताचाच, पण दोन्ही बाजूंना दुधाच्या भरलेल्या किटल्या लटकवून कच्च्या रस्त्याने रोज जायची-यायची ताकद तिच्यात होती. पोलंडच्या खडबडीत रस्त्यांसाठी केलेली रचना मराठवाड्याच्या गाडीवाटांवर उपयोगी पडली. जाहिरातीत धर्मेंद्र होता, आणि ती निवड अचूक होती. गाडीचा ग्राहक शहरातला शौकीन नव्हता. अंगमेहनत करणारा, गाडीकडून तितक्याच मेहनतीची अपेक्षा ठेवणारा माणूस ती घेत होता.

शौकिनांसाठी एस्कॉर्ट्सने वेगळी गाडी केली होती. छोट्या चाकांची, बुटकी जीटीएस १७५. राज कपूर यांच्या १९७३ च्या ‘बॉबी’मध्ये ती दिसली आणि तिचं मूळ नाव लोक विसरले, ती ‘बॉबी’च झाली. राज कपूर यांची मुलगी ऋतू नंदांच्या घरात दिलेली होती, हे लक्षात घेतलं की पडद्यावर नेमकी हीच गाडी कशी आली ते कळतं. संग्राहकांमध्ये आज बॉबीला मान आहे. मला मात्र साध्या राजदूतचं मोल जास्त वाटतं. बॉबी पाहिली जाते, राजदूत वापरली गेली.

मराठी घरांत या कहाणीची दुसरी नायिका आहे ती अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये आली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची ‘चाओ’ नावाची पन्नास सीसीची मोपेड होती, तिच्यावरून ती बेतलेली. हस्तीमल फिरोदिया आणि त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांनी ती ज्या देशात आणली, तिथे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत होती. लूनाला गिअर नव्हते, किक नव्हती. स्टँडवर चढवायची, सायकलसारखे पेडल मारायचे, इंजिनाने दम धरला की स्टँडवरून उतरवायची. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घर गाठता येत असे. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, ही सोय मोटार वाहन कायद्यात आजही आहे. त्यामुळे कितीतरी मुलामुलींची स्वतःच्या हाताने चालवलेली पहिली मोटर लूना ठरली. विशेषतः मुलींच्या. साडी नेसून चालवता येणारी, पडली तर एकटीने उचलता येणारी, कुणाला ‘सोड ना’ म्हणावं लागू नये अशी गाडी छोट्या शहरांतल्या शिक्षिकांना, परिचारिकांना पहिल्यांदाच मिळाली. पियूष पांडे यांनी लिहिलेली तिची जाहिरात इतकी पसरली की ‘चल मेरी लूना’ हे शब्द गाडीशी संबंध नसलेल्या प्रसंगीही मराठी घरांत ऐकू येऊ लागले.

तिच्यामागून होसूरची टीव्हीएस ५० आली, १९८० मध्ये. दोघांना बसता येईल अशी ती पहिली भारतीय मोपेड. बजाजची एम-५० आणि मग १९८६ ची एम-८० आली. एम-८० ला आपल्याकडे शेतकऱ्यांनी आणि भाजीवाल्यांनी उचलून धरलं. दिल्लीच्या बाजूला हीरो मॅजेस्टिक आणि ऑस्ट्रियाच्या प्यूख कंपनीशी करार करून आणलेली हीरो प्यूख या मोपेडी चालत. या सगळ्यांतून वंश टिकला तो टीव्हीएसचाच. तिची एक्सएल १०० आजही विकली जाते, फक्त तिचं इंजिन आता फोर-स्ट्रोक आहे.

आता ज्या इंजिनाने या बहुतेक गाड्यांना त्यांचा स्वभाव दिला, त्याच्याकडे येऊ. टू-स्ट्रोक इंजिन समजून घेतल्याशिवाय या वेडाचं कारण सापडत नाही.

आजच्या कुठल्याही मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो, धूर बाहेर सोडायला दुसरा. त्यांची उघडझाप करणारा कॅम, त्याला फिरवणारी चेन, हे सगळं डोक्यावर बसवलेलं असतं. चार धावांत, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, एकदा ठिणगी पडते. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काही नाही. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना स्वतःच ती झाकतो आणि उघडतो. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो, त्याच वेळी खाली क्रँकच्या पेटीत नवं मिश्रण ओढतो. ठिणगी पडली की खाली येताना आधी धुराचं पोर्ट उघडतो, मग खालचं ताजं मिश्रण बाजूच्या वाटेने वर चढतं आणि जळका वायू बाहेर ढकलतं. प्रत्येक फेरीत एक ठिणगी. हलणारे मुख्य भाग तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक.

तीनच भाग असल्यामुळे इंजिन हलकं होतं, स्वस्त होतं आणि आकाराच्या मानाने जोरकस होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते डोक्यात मावतं. पंधरा वर्षांचा मुलगा एका दुपारी लूनाचं हेड उघडून, पिस्टनवरची काजळी खरवडून, संध्याकाळपर्यंत गाडी परत चालू करू शकत असे. गॅरेजवाल्यांचं ज्ञानही अशाच हाताळण्यातून घडलेलं आहे. प्लग काढून त्याचं टोक पाहायचं : विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं, ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर मिश्रण पातळ आहे, इंजिन तापतंय, वेळीच सावध व्हा. इंजिनाची तब्येत सांगणारा हा एवढासा पुरावा खिशातल्या पान्याने हातात येतो. आजच्या गाडीची तब्येत पाहायला कंपनीचं यंत्र लावावं लागतं आणि ते यंत्र फक्त एक क्रमांक दाखवतं.

टू-स्ट्रोकला वंगणासाठी वेगळी टाकी नसली तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. लिटरला साधारण तीस ते पन्नास मिलिलिटर, गाडीप्रमाणे कमी-जास्त. राजदूत आणि लूना या अशाच. पंपावर पेट्रोलआधी ऑइलचं माप ओतून घ्यायचं आणि गाडी हलवून ते मिसळायचं, हे तेव्हाच्या प्रत्येकाच्या हाताला माहीत होतं. पेट्रोलबरोबर हे ऑइल जळतं, पण पूर्ण जळत नाही. त्याची काजळी धुराच्या पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचत जाते, गाडी दमते. मग गॅरेजबाहेर सायलेन्सर जाळायचा; आतली जाळी आगीत लालभडक करून काजळी झाडायची. दुसऱ्या दिवशी गाडी नव्यासारखी पळते. आपण स्वतः केलेल्या कामाचा परिणाम इतक्या लगेच आणि इतक्या स्पष्टपणे दाखवणारं यंत्र मिळाल्यावर माणसाचा त्याच्यावर जीव जडला, यात नवल नाही.

आरएक्स १०० चा जीव घेणारा आवाज आणि ओढ कुठून येते, तेही याच रचनेत दडलं आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर निव्वळ आवाज दाबणारी नळी नसते. धूर बाहेर पडताना नळीत दाबाची एक लाट धावते, नळीच्या बदलत्या आकारावर आपटून ती परत येते. ती योग्य क्षणी परत आली, तर बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हा मेळ इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच जमतो. म्हणून खालच्या वेगात साधी वाटणारी गाडी एका टप्प्यावर अचानक जिवंत होते आणि पुढे झेपावते. आरएक्सवर बसणारे याच क्षणासाठी बसतात. ९८ सीसीचं इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आकड्यांत ते किरकोळ वाटतं. पण प्रत्येक किलोमागे मिळणारी ताकद आणि ती अंगावर येण्याची रीत यामुळे ताशी साठच्या वेगाला जो आनंद मिळतो, तो मोठ्या गाडीवर शंभराच्या पुढे गेल्याशिवाय मिळत नाही. छोट्या गाडीची सगळी ताकद शहराच्या रस्त्यावरही वापरता येते. मोठ्या गाडीची तीन-चतुर्थांश ताकद कधी वापरलीच जात नाही, आणि ती न वापरण्यातच शहाणपण असतं.

ऐंशीच्या दशकात सरकारने छोट्या दुचाकींसाठी परदेशी तंत्रज्ञानाला वाट करून दिली आणि जपानच्या चारही कंपन्या भारतात उतरल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी १९८४ मध्ये, हीरोबरोबर होंडा आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा १९८५ मध्ये, बजाजबरोबर कावासाकी १९८६ मध्ये. चौघींच्या गाड्या शंभर सीसीच्या आगेमागे. त्यांत होंडा एकटी फोर-स्ट्रोक. धारूहेड्यात बनलेली ही ९७ सीसीची सीडी १०० जाहिरातीत लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा करी आणि पेट्रोल भरून विसरून जा, असं सांगे. ती विसरता येण्याजोगी होती हेच तिचं यश. पुढची सगळी बाजारपेठ तिने जिंकली. सुरजपूरची आरएक्स हरली, पण प्रेम हरलेल्या गाडीच्या वाट्याला आलं. विसरता येणारी गाडी उपयोगाची असते. लक्ष मागणाऱ्या गाडीशी नातं जुळतं. फरीदाबादच्याच राजदूत ३५० बद्दलही हेच. यामाहाच्या आरडी ३५० वरून आलेली ती दोन सिलिंडरची गाडी फारशी विकली गेली नाही, कारण ती पेट्रोल फार पीत असे. आज ती हाती लागणं दुर्मीळ आहे. ती लहान गाड्यांत बसत नाही, म्हणून इथे एवढंच.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू ढकलायला ताजं मिश्रणच वापरलं जातं, त्यामुळे त्यातलं काही न जळताच बाहेर निसटतं. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनात पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक इंधन असं वाया जातं. वर अर्धवट जळलेलं ऑइल. लाखो रिक्षा, स्कूटर आणि मोपेडी एकाच शहरात हे करू लागल्यावर नव्वदच्या दशकातली दिल्ली कशी झाली होती, ते तेव्हा इथे राहणाऱ्यांच्या घशाने आणि डोळ्यांनी अनुभवलं आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेल्या आदेशात पंपांवर सुटं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल विकायला वर्षअखेरीपासून बंदी आली; मापात मिसळून देणारी यंत्रं बसवणं भाग पडलं. महायुद्धातून उरलेल्या हार्ली डेव्हिडसनच्या धडावर बांधलेल्या दिल्लीच्या प्रसिद्ध फटफटिया रिक्षा त्याच सुमारास रस्त्यांवरून गेल्या. दुचाकींच्या धुरासाठी देशभरात १९९६ मध्ये जे निकष लागले, ते २००० मध्ये आणखी कडक झाले : हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून किलोमीटरला ३.६ ग्रॅमवरून २ ग्रॅम. साध्या टू-स्ट्रोकचे दिवस तिथे संपले. हा निर्णय योग्यच होता. जुन्या गाड्यांवर माझं प्रेम आहे, पण रोज कामाला जायला लाखो लोकांनी त्या वापराव्यात, असं मी कधीच म्हणणार नाही.

त्यानंतरचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना दिल्लीत चालायला मनाई केली, पुढे डिझेल गाड्यांची मर्यादा दहा वर्षांवर आणली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षं ही बंदी संपूर्ण राजधानी परिसरासाठी उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा प्रयोग दिल्लीत सुरू झाला आणि लोकांच्या रोषामुळे काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं, पण डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ या धुराच्या निकषाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. राजदूत, लूना, आरएक्स या साऱ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. महाराष्ट्रात पंधरा वर्षं झालेली खाजगी गाडी तपासणी करून, कर भरून पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. दिल्ली परिसरात तो मार्ग बंद आहे. ना-हरकत घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात पाठवायची, अंगणात उभी ठेवायची, की भंगारात द्यायची, एवढेच पर्याय उरतात. मायापुरीच्या भंगार बाजारात अशा किती राजदूतांची इंजिनं किलोच्या भावाने गेली असतील, याची कल्पना करवत नाही.

वयाच्या वरच्या टोकाला दुसरा नियम आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. ती रोज चालवता येत नाही, धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. हे बंधन मला रास्त वाटतं.

अडचण मधल्या पस्तीस वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी गाडी रस्त्यावरून उतरवायची आणि पन्नासाव्या वर्षी तिचा सन्मान करायचा. मधल्या काळात ती टिकवायची कुणी आणि कशी, याचं उत्तर नियमांत नाही. १९७५ पूर्वीच्या राजदूत आणि पहिल्या लूना आज व्हिंटेज ठरू शकतात. १९८५ ची पहिली आरएक्स १०० पन्नाशी गाठेल २०३५ मध्ये, आणि १९९६ ची शेवटची २०४६ मध्ये. गाडी टिकते ती चालवण्यामुळे. दहा वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकच्या क्रँकची सीलं सुकतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उडून ऑइलचा चिकट थर उरतो, टाकी आतून गंजते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून हे आणखी लवकर होतं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करून ठेवावेत, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून अधूनमधून किक मारावी. पण हा उपाय महिन्यांसाठी ठीक आहे, पस्तीस वर्षांसाठी नाही.

संग्रहालयं आपल्या परीने काम करतात. गुरुग्रामच्या पुढे तावडूला २०१३ मध्ये उघडलेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम पाहायला दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाने अवश्य वेळ काढावा. बैलगाडी, पालखी, रेल्वे, विमान यांच्या सोबतीने सामान्य माणसाच्या दुचाकीलाही तिथे जागा मिळाली आहे. दिल्लीतली स्टेट्समन रॅली १९६४ पासून चालते, पण तिचा मान राजेरजवाड्यांच्या मोटारींना. लूनासारख्या गाडीची गोष्ट काचेमागे अर्धीच कळते. ती पेडल मारून चालू होते, हे पाहणाऱ्याला कसं समजणार?

कायद्याने जुन्या छोट्या गाड्यांशी कसं वागावं याचं मला भावलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. पूर्व जर्मनीतल्या झूल शहरात सिमसन नावाच्या मोपेडी बनत, पन्नास सीसीच्या, टू-स्ट्रोक, आपल्या मोपेडींच्या जातीच्या. तिथल्या नियमांत त्यांना ताशी साठचा वेग चाले. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर नव्या मोपेडींना त्याहून कमी वेगाची मर्यादा आली (आज ती ताशी पंचेचाळीस आहे), पण एकीकरणाच्या करारात २८ फेब्रुवारी १९९२ पर्यंत रस्त्यावर आलेल्या सिमसनना साठची सवलत कायम राहिली. परिणाम असा की खेड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला नव्या गाडीपेक्षा आजोबांची सिमसन अधिक कामाची वाटते. तो ती उघडतो, दुरुस्त करतो, चालवतो. एका ओळीच्या तरतुदीने एक अख्खा गाडीवंश जिवंत राहिला आणि दुरुस्तीचं कसब पुढच्या पिढीत गेलं.

मोठ्या शहरांनीही वाट काढली आहे. जर्मन शहरांच्या स्वच्छ हवेच्या पट्ट्यांत जुन्या मोटारीला सहसा प्रवेश नसतो, पण तीस वर्षांची, मूळ रूपात राखलेली आणि ऐतिहासिक क्रमांकाची मोटार आत येऊ शकते. लंडनच्या कडक धूरक्षेत्रात चाळीस वर्षांपुढच्या ऐतिहासिक गाड्यांना शुल्क माफ आहे. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फीवाच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान तीस वर्षांचं, नीट राखलेलं आणि रोजच्या प्रवासाला न वापरलं जाणारं वाहन. अशा गाड्या मोजक्या असतात आणि क्वचितच रस्त्यावर येतात. त्यांच्या धुराचा शहराच्या हवेतला वाटा नगण्य राहतो.

इकडे अहमदनगरच्या लूनाला २०२४ मध्ये दुसरा जन्म मिळाला. कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ई-लूना आणली. पुढे सामान ठेवायला तशीच मोकळी जागा, तीच सडसडीत बांधणी. दिल्लीच्या हवेत गल्लीबोळांतून सामान पोचवायला यापेक्षा योग्य गाडी नाही, आणि जुन्या लूनाची खरी वारस मी तिलाच मानतो. रोजचं काम तिने करावं.

राहिल्या जुनी लूना आणि तिच्या बहिणी. त्यांच्यासाठी व्हिंटेजची वयोमर्यादा दुचाकींपुरती तरी पन्नासवरून तीसवर आणावी. वापराची बंधनं आज आहेत तीच ठेवावीत, हवं तर वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा घालावी आणि हिवाळ्यातल्या धुरक्याच्या महिन्यांत त्या अजिबात बाहेर काढू देऊ नयेत. शुल्क मात्र वीस हजार नको; ज्या गाड्या शिक्षकांनी आणि गवळ्यांनी जपल्या, त्यांच्या नातवंडांना ते परवडलं पाहिजे. सुरजपूरमधून शेवटची निघालेली १९९६ ची आरएक्स १०० आजच, २०२६ मध्ये, तीस वर्षांची होते आहे. हा बदल झाला तर पहिल्या दिवसापासून ती त्यात बसेल.